मुगाला मोड येतात, मग मूगडाळीला का नाही?

प्रश्न : ताई, मुलीचा शाळेचा प्रोजेक्ट आहे म्हणून ओल्या फडक्यात मूग बांधले, छान मोड आले. मग ती म्हणाली डाळीलाही आणूया, पण डाळ नुसती फुगली आणि आंबली. असं का? आणि तिचा अजून एक प्रश्न, माती नाही, खत नाही, ऊनही नाही, मग तो मोड खातो काय?
– एक वाचक, सांगली

उत्तर : लेकीला आधी माझी शाब्बासकी द्या, फार नेमकं विचारलंय तिने. एक भिजलेला मूग सोलून अलगद उघडा, दोन जाड पाकळ्या सुटतील आणि त्यांच्या मध्ये एका कडेला बारीकसं पांढरं टोक दिसेल. ते टोक म्हणजेच रोप, त्याचाच एक भाग मूळ होणार आणि दुसरा कोंब. बाकी दाण्याचं जवळजवळ सगळं वजन म्हणजे त्या रोपाचं खाणं, पाठ्यपुस्तकात या पाकळ्यांना बीजपत्रं म्हणतात. आता डाळ करताना दाणा भरडला की पाकळ्या सुट्या होतात आणि मधलं ते टोक बहुतेक वेळा तुटून चुरीत जातं. डाळीत जेवण आहे, जेवणाराच नाही, मग मोड कुठून येणार!

हे खाणं आईच्या झाडाने भरून ठेवलेलं असतं. शेंग हिरवी असताना पानं उन्हात साखर बनवतात, ती शेंगेत येते आणि तिथून एका बारीक नाळेतून प्रत्येक दाण्यात जाते. चवळीवर काळ्या डागाच्या मधे जो पांढरा ठिपका दिसतो ना, तिथेच ती नाळ जोडलेली होती. दाण्यात आल्यावर साखरेचा स्टार्च होतो, कारण स्टार्च पाण्यात विरघळत नाही, जागच्या जागी साठून राहतो. सोबत प्रोटीनही साठतं, मुगात ते साधारण 24 टक्के असतं. शेंगदाण्यात मात्र जवळजवळ अर्धं वजन तेलाचं, आणि तेलात तेवढ्याच वजनाच्या स्टार्चच्या दुपटीहून जास्त ऊर्जा मावते. मग दाणा वाळतो, आत जेमतेम 10 टक्के पाणी उरतं आणि सगळं थांबल्यासारखं होतं, म्हणून तर डब्यात मूग वर्षभर तसेच राहतात.

तुम्ही भिजत घातले की आतली एन्झाइम कामाला लागतात, स्टार्चची परत साखर होते, प्रोटीन तुटतं आणि हा सगळा माल त्या टोकाकडे जायला लागतो. कडधान्यात ज्या काही साखरा आपल्या पोटात गॅस करतात त्याही रोप याच वेळी वापरून टाकतं, म्हणून मोडाची उसळ पोटाला बरी पडते. शिवाय कोरड्या मुगात नसल्यात जमा असलेलं क जीवनसत्त्व मोडात तयार होतं. पण एक लक्षात घ्या, मोड आलेले मूग वाटीभराचे पातेलंभर दिसतात ते पाण्यामुळे. वाळवून वजन केलं तर ते आधीपेक्षा कमीच भरेल, कारण वाढताना रोप त्यातलं थोडं श्वसनात खर्च करतं आणि अंधारात नवीन काही बनवू शकत नाही. तसंच बांधून ठेवलं तर कोंब लांब, पिवळट होतात आणि साठा संपला की माना टाकतात.

ज्वारी, गहू, नाचणीचं वेगळं आहे. तिथे रोप दाण्याच्या एका टोकाला असतं आणि खाणं त्याच्या बाहेर, पिठूळ भागात. पाणी मिळालं की रोप एक हार्मोन सोडतं, तो पिठाभोवतीच्या पातळ थराला पोचतो आणि तो थर स्टार्च फोडणारं एन्झाइम बनवतो. म्हणजे साठा कधी उघडायचा हे रोपच ठरवतं, मला हे फार विलक्षण वाटतं! बाळासाठी मोड आणलेल्या नाचणीची पेज साध्या पिठाच्या पेजेपेक्षा पातळ होते ती याच एन्झाइममुळे.

प्रोजेक्टसाठी एक सुचवते. घेवड्याचे मोड आलेले दाणे घ्या, काहींची एक पाकळी हळूच काढा, काही पूर्ण ठेवा आणि सगळे शेजारी शेजारी मातीत लावा. कुठली रोपं बारकी राहतात ते तिला रोज पट्टीने मोजू दे.

प्रश्न : जुना नारळ फोडला तर आत पाणी नाही, पांढरा स्पंजासारखा गोळा. खाल्ला तर चालतो का?
– एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : चालतो, गोडसर लागतो आणि कोकणात पोरं तो आवडीने खातात. नारळ रुजायला लागला होता एवढंच. खोबरं आणि पाणी दोन्ही माडाच्या रोपाचं खाणं, आणि हा गोळा म्हणजे रोपाचंच बीजपत्र, ते आत वाढत पोकळी भरतं, खोबऱ्यातलं अन्न शोषून बाहेरच्या कोंबाला पुरवतं. माडाचं रोप कित्येक महिने यावर काढतं. फक्त खवट किंवा आंबूस वास आला, बुरशी दिसली तर टाकून द्या.