पंचवीस प्लगइन टाकण्याआधी

प्रश्न : मी आर्किटेक्चरच्या चौथ्या वर्षाला आहे. स्केचअप या थ्री-डी सॉफ्टवेअरमध्ये मॉडेल करायला मला इतरांपेक्षा फार वेळ लागतो आणि फाइल सारखी अडकते. इंटर्नशिपआधी वीस-पंचवीस प्लगइन, म्हणजे सॉफ्टवेअरला जोडायची जादा साधनं, शिकून घेऊ का?

उत्तर : एवढे प्लगइन आत्ता घेऊ नकोस. फाइल अडकण्याचं कारण बहुतेक वेळा मॉडेलमध्येच सापडतं. डाउनलोड केलेली जड झाडं, फर्निचर आणि मोठी टेक्श्चर (पृष्ठांवर चढवलेली चित्रं) आधी तपास. वस्तू मॉडेलमधून काढली तरी तिची व्याख्या, म्हणजे मूळ नमुना, फाइलमध्ये राहते. 'पर्ज अनयूज्ड' केल्यावरच ती जाते.

वेळ कुठे जातो, ते खिडकीवरून बघ. दर्शनी बाजूला ४० खिडक्या सुट्या रेषांनी काढल्यास, आणि नंतर चौकट ५० मिमीने रुंद करायची ठरली, तर ४० वेळा तेच काम. शिवाय सुटी भूमिती शेजारच्या भिंतीला चिकटते, एक हलवली की दुसरी ओढली जाते. तीच खिडकी कंपोनंट, म्हणजे एकाच नमुन्याची जोडलेली प्रत, असेल, तर एक बदलली की सगळ्या बदलतात. वेगळी हवी तेवढीच 'मेक युनिक' कमांडने सुटी करायची. एक कॉपी हलव, अंतर टाइप करून एंटर दे, मग १० आणि एक्स टाइप कर. दहा कॉपी ओळीने लागतात. रेषा आणि पृष्ठं 'अनटॅग्ड'वरच ठेव, टॅग (वस्तू दाखवायला-लपवायला लावायची खूण) फक्त ग्रुप-कंपोनंटला दे. रोजच्या कमांडना शॉर्टकट लाव. एवढ्यानेच तुझा वेग वाढलेला तुला जाणवेल.

प्लगइन त्यानंतर, तेही एखादं काम हाताने पुन्हा पुन्हा करून कंटाळा आल्यावर. भरकटलेल्या रेषा काढायला थॉमथॉम या प्लगइनकाराचं क्लीनअप, आकार सॉलिड (सगळीकडून बंद) का होत नाही ते शोधायला त्याचंच सॉलिड इन्स्पेक्टर, रेलिंग-स्कर्टिंगसाठी प्रोफाइल बिल्डर. स्केचअपची नवी आवृत्ती आली की काही प्लगइन चालेनासे होतात, म्हणून मोजकेच बरे.

इंटर्नला बरेचदा दुसऱ्याची फाइल पुढे न्यावी लागते, आणि तुझी फाइलही उद्या दुसरं कुणी उघडेल. नीट नावं दिलेले कंपोनंट तिथे तुझी बाजू भक्कम करतील. रुजू होण्याआधी ऑफिसला विचार, काम कोणत्या सॉफ्टवेअरवर चालतं? रेव्हिट असेल तर त्यातली कामं आपोआप करून देणारे डायनॅमो आणि पायरेव्हिट बघ; राइनो असेल तर तशाच कामाचं ग्रासहॉपर, ते २०१८ च्या राइनो ६ पासून सोबतच येतं. दोन्हींच्या मागे एकदम लागू नकोस.