विचारलंय त्याचं उत्तर दे

चि. बाळ, अनेक आशीर्वाद.

तुझी तक्रार वाचली. फिनलंडच्या मैत्रिणीला तू दोन पानं लिहिलीस, वर्गात कौतुक झालं, आणि तिकडून आल्या चारच ओळी. आता विचारतेस, पुढे लिहू काय, आमच्या डिचोलीत घडतं तरी काय? घडण्याचा प्रश्नच नाही गं. तिने पहिल्याच पत्रात विचारलं होतं, तुमच्याकडे एवढा पाऊस, मग कपडे कुठे वाळवता? तू लिहिलंस मिरामार, जुन्या गोव्यातली चर्चं आणि ३१० मीटर उंचीचा दूधसागर. हे तिला पर्यटनाच्या कुठल्याही पत्रकात सापडेल. कपड्यांचं कोण सांगणार?

विचारलंय त्याचं उत्तर आधी. बाकी सगळं नंतर.

आमच्या वेळी फिनलंडमधल्या तुर्कू शहरातली इंटरनॅशनल यूथ सर्व्हिस देशोदेशीच्या मुलांच्या जोड्या लावून पत्ते पाठवायची. १९५२ ते २००८ चालली ती. मला तिथूनच एक फिनिश मुलगा मिळाला. त्याने विचारलं, जूनच्या शेवटी तुम्ही काय करता? भूगोलाच्या वहीतला मान्सून उतरवून काढायचा मोह होता. पण लिहिलं ते सांजांवचं, म्हणजे सेंट जॉनच्या सणाचं. २४ जूनला शेजारची ख्रिस्ती पोरं डोक्यावर फुलापानांचा कोपेल घालून तुडुंब विहिरीत उड्या टाकतात, आणि आम्ही काठावर आरडाओरडा करत, फणसाच्या गऱ्यांवर डोळा ठेवून उभे. त्याचं उत्तर आलं : आमच्याकडेही त्याच सुमारास, त्याच संताचा सण, फक्त आम्ही तळ्याकाठी मोठा जाळ करतो आणि रात्र धड अंधारतच नाही. दूधसागरावर लिहिलं असतं तर हे मला कळलं असतं का? पुढे त्याचा पत्ता बदलला आणि माझं एक पत्र शिक्का बसून परत आलं. ती हळहळ अजून आहे. त्यातही त्याच्याच प्रश्नाचं उत्तर होतं.

मग शिक्षक झाल्यावर मी मुलांकडून अशीच पत्रं लिहून घेतली. वरिष्ठांचं म्हणणं, आधी इंग्रजी सुधारा, शाळेची माहिती घाला, मगच पाठवा. मी ऐकलं नाही. चौथ्या ओळीत क्रियापद चुकलं म्हणून तिकडच्या पोराचं काय बिघडतं? त्याने बकरीचं विचारलंय, त्याला बकरी हवी. उपक्रम बंद पडला, मला हट्टी म्हणाले. म्हणू देत. सुधारलेली तीस पत्रं एकसारखी दिसतात आणि त्यांना उत्तरंही एकसारखीच येतात, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

तेव्हा परदेशी पत्रात रिप्लाय कूपन घालायची सोय होती, जागतिक टपाल संघाने १९०६ साली ठरवलेली. समोरच्याने ते आपल्या पोस्टात द्यायचं आणि उत्तरापुरतं तिकीट घ्यायचं. टपालवाल्यांनाही कळत होतं, उत्तर येणं महत्त्वाचं! आणि तू मात्र प्रश्न बाजूला सारून निबंध लिहितेस.

रागावलो वाटतं? थोडा रागावलोयच. पण तुझी मैत्रीण हुशार आहे, म्हणून जीव तुटतो. दुसऱ्या पत्रात तिने तोच प्रश्न पुन्हा विचारलाय, पाहिलंस का? चारातली एक ओळ तीच आहे.

तेव्हा लिही : पडवीतली दोरी, चार दिवस दमट राहणारा गणवेश, सकाळी इस्त्री फिरवून कसाबसा वाळवलेला, आणि त्याचा तो कुबट वास. आजीला विचार, ती लहान असताना काय करायची. मग तूही तिला एक प्रश्न विचार, एकच, आणि खरोखर जाणून घ्यायचाय असा. पत्ता शाळेचाच दे, आणि पाकिटावर देशाचं नाव शेवटच्या ओळीत मोठ्या अक्षरांत.

मसुदा मला दाखवायला आणू नकोस. सरळ पोस्टात टाक.

तुझे सर