वाहनतळातील मांजरी

प्रश्न : आमच्या सोसायटीच्या वाहनतळात एक भटकी मांजरी वारंवार विते. तिला पोत्यात घालून लांब सोडावे, असे काही सभासदांचे म्हणणे आहे. काय करावे?

उत्तर : तसे करू नये. रिकाम्या जागी दुसरी मांजरे येतात, शिवाय उपासमार होईल अशा रीतीने प्राण्याला टाकून देणे हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानुसार गुन्हा ठरतो. पिल्ले अंगावर पीत असतानाही मांजरी पुन्हा गाभण राहू शकते, म्हणून पिल्ले खाऊ लागताच मांजरीची नसबंदी करून घ्यावी. रोज ठरावीक वेळी खाऊ घातले, की पकडण्याच्या पिंजऱ्यात ठेवलेल्या सुकटीच्या वासाने ती आपणहून आत शिरते. हाताने धरण्याचे धाडस नको, कारण चावल्यास रेबीजची लस आलीच. भूल दिलेली असतानाच कानाचे टोक छाटून नसबंदी झाल्याची खूण करवून घ्यावी आणि जखम भरल्यावर तिला त्याच वाहनतळात सोडावे. बोक्यांची नसबंदी मात्र सभासद हमखास विसरतात.