भावाला स्किझोफ्रेनिया आहे. लग्नाआधी जनुकांची चाचणी करू का?

प्रश्न : मोठ्या भावाला स्किझोफ्रेनिया आहे. माझं वय २६, लग्नाची बोलणी सुरू आहेत. मुलाकडचे म्हणतात, ‘जीन टेस्ट करून घ्या, म्हणजे शंका नको.’ करू का? पुढे माझ्या मुलांना धोका किती?

उत्तर : तुम्हाला हा आजार होईल की नाही, हे सांगणारी चाचणी आज जगात कुठेच नाही. कुणी तसा रिपोर्ट विकत असेल तर पैसे वाया घालवू नका.

या आजाराचं एक असं जनुक नसतं. सुमारे ७६ हजार रुग्णांच्या डीएनएवर २०२२ साली झालेल्या अभ्यासात या आजाराशी जोडलेल्या २८७ जागा सापडल्या. त्यातला एकेक बदल धोका किंचितच वाढवतो आणि निरोगी माणसांतही सर्रास आढळतो. त्यांची बेरीज करून स्कोअर काढतात, पण तो मुख्यतः युरोपीय वंशाच्या लोकांवर बेतलेला. आपल्याला तो आणखीच कमी लागू पडतो.

त्यापेक्षा घरातला इतिहास जास्त सांगतो. आयुष्यभरात हा आजार १०० पैकी साधारण एकाला होतो. सख्ख्या भावंडाला असेल तर सुमारे नऊ जणांना. म्हणजे ९१ जणांना होत नाही. मामाला असेल तर भाच्यांत तीन-चार जणांना. हे आकडे मुलाकडच्यांना जसेच्या तसे सांगा. भावाचा आजार लपवू नका.

चाचणी भावाची करावी, तीही काही खुणा असतील तरच : जन्मजात हृदयदोष, टाळूला फट किंवा नाकातून बोलणं, कॅल्शियम कमी होऊन आलेले झटके, लहानपणापासून शिकायला जड जाणं. अशा वेळी २२व्या गुणसूत्राचा छोटा तुकडा गळालेला असू शकतो. हा तुकडा गळालेल्यांपैकी साधारण चौथ्या हिश्शाला मोठेपणी असा मनोविकार होतो.

इथे एक चूक हमखास होते. साधी कॅरिओटाइप (सूक्ष्मदर्शकाखाली गुणसूत्रं पाहण्याची तपासणी) करून ‘नॉर्मल’ म्हणून फाईल बंद करतात. गळालेला तुकडा इतका लहान असतो की त्या तपासणीत निसटतो. म्हणून असे छोटे तुकडेही टिपणारी ‘क्रोमोसोमल मायक्रोअ‍ॅरे’ चाचणी डॉक्टरांकडून लिहून घ्या. रक्ताचा एक नमुना पुरतो. दोष निघालाच तर पुढची पाळी आई-वडिलांची. दहातल्या नऊ वेळा तो मुलात नव्यानेच आलेला असतो. तो त्यांच्यापैकी कुणात सापडला, तरच तुमची तपासणी.

तुमच्या हातातली गोष्ट म्हणजे गांजा. तुमच्यासारख्या घरात त्याला अजिबात शिवू नये. झोप उडणं, माणसं टाळणं, विनाकारण संशय येणं असं काही आठवडे टिकलं, तर मानसोपचारतज्ज्ञांना लगेच दाखवा. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा मोफत क्रमांक चोवीस तास चालू असतो.