आजाराला अजून नाव नाही आणि मदत मागायची आहे, तर

दादा, तुमचं सगळं नीट वाचलं. आईला दोन महिन्यांपासून ताप, वजन उतरत चाललंय, हिंगोली आणि नांदेड मिळून तीन खाजगी दवाखाने झाले, दीड लाखाच्या वर गेले, आणि डॉक्टर अजून "तपासण्या चालू आहेत" एवढंच म्हणतात. आता व्हॉट्सअॅपवर मदतीचं आवाहन टाकायचंय, त्यात काय लिहू आणि किती मागू, हे तुम्ही विचारलंय. कोविडनंतर आमच्या घरी हेच झालं. परभणी जिल्ह्यातलं गाव, कोरडवाहू जमीन, आईचं वय पन्नाशीच्या आत. म्हणून जरा सविस्तर लिहिते. मी डॉक्टर नाही, वकीलही नाही. योजनांच्या अटी बदलत राहतात, तेव्हा आकडे त्या त्या ठिकाणी विचारूनच पुढं जा.

आधार, रेशन कार्ड, उत्पन्नाचा दाखला तुम्ही काढलाच असेल, त्यावर लिहीत नाही. आईचं नाव मात्र सगळ्या कागदांवर एकसारखं आहे का ते आजच बघा. आमच्याकडं रेशन कार्डावर नुसतं पाळण्यातलं नाव आणि आधारवर पुढं 'बाई' लावलेलं होतं, त्यापायी ऐनवेळी सेतूत हेलपाटे झाले.

आता मुद्दा. तुम्ही "आईच्या उपचारासाठी मदत" असं लिहायला निघालात. तसं लिहू नका. सध्या तुम्हाला पैसे उपचाराला नाही, निदानाला लागतायत. हे दोन खर्च वेगळे धरा आणि वेगवेगळे मागा. आमच्या पूर्ण आजारपणात सगळ्यात जास्त पैसा निदान होईपर्यंतच गेला. सीटी, बायोप्सी (म्हणजे गाठीचा तुकडा काढून तपासणं), पुन्हा बायोप्सी, रक्ताच्या तपासण्या, मध्ये मध्ये भरती. शेवटी पोटातल्या गाठींचा टीबी निघाला आणि त्याची औषधं सरकारी दवाखान्यातून पूर्ण फुकट मिळाली. वर पोषण आहारासाठी दर महिन्याला 500 रुपये खात्यावर येत होते, आता ते 1000 झालेत. गावात मात्र तोवर कॅन्सर झाल्याचं पसरलं होतं. आम्ही कॅन्सर म्हणून पाच-सात लाख मागितले असते, तर नंतर कुणाच्या तोंडाकडं बघायची सोय राहिली नसती. तुमच्या आईचं वेगळंच काही निघू शकतं, मी अंदाज बांधत नाही. पण नाव कळायच्या आत नाव लिहू नका, कुणी कितीही म्हणालं की "कॅन्सर लिहा, लोक लवकर देतात".

ज्याच्यात आमचा सगळ्यात जास्त वेळ गेला ते आता सांगते. एक कार्यालय होतं, कोणतं ते लिहीत नाही. गंभीर आजाराला मदत मिळते म्हणून तिथं अर्ज केला. टेबलावरच्या माणसानं दवाखान्याचा कागद उलटसुलट करून बघितला आणि म्हणाला, "आजाराचं नाव कुठंय? नाव आणा, मग अर्ज घेतो." कागदावर डॉक्टरांनी 'ताप, तपासणी सुरू' एवढंच लिहिलं होतं. दवाखान्यात गेलो तर डॉक्टर म्हणाले, बायोप्सी आणि पुढच्या तपासण्या झाल्याशिवाय नाव कसं लिहू. त्या तपासण्यांना पैसे भरा म्हणाले. पैसे त्या कार्यालयातून यायचे होते, आणि कार्यालयाला नाव पाहिजे होतं. पुन्हा गेलो तर एस्टिमेटवर शिक्का नाही म्हणून परत. शिक्का आणला तर साहेब दौऱ्यावर. त्यानंतर "हे फॉर्मेट जुनं आहे." प्रत्येक वेळी नवीन कारण, आणि तेही तोंडीच. कागद हातातून घेऊन बघायचे आणि हातातच परत द्यायचे, त्यामुळं आम्ही तिथं गेलो होतो याचा एकही पुरावा आमच्याकडं नाही. वडील तिथं भिंतीला टेकून उभे राहायचे. सोयाबीन काढणीला आलेलं, मजूर सांगून ठेवलेले, आणि हा माणूस दिवसभर एका सहीसाठी उभा. त्या काळात आईचं वजन उतरतच होतं. त्या टेबलाचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही, आणि जाऊही नये असं मला वाटतं. आजारी माणसाच्या घरच्याला "हा अर्ज इथं बसत नाही, तुम्ही अमुक ठिकाणी जा" एवढं एक वाक्य पहिल्या दिवशी सांगायला काय जातं?

कारण खरी गोष्ट अशी होती की तो अर्ज तिथं बसतच नव्हता. बहुतेक योजना आजाराच्या नावावर चालतात. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत उपचारांची यादी ठरलेली आहे, रुग्णाचा आजार त्या यादीतल्या पॅकेजमध्ये बसवून आधी मंजुरी घ्यावी लागते. पूर्वी कुटुंबाला वर्षाला दीड लाखाची मर्यादा होती, आता 5 लाख आहे. मर्यादा वाढली म्हणून लोक खूश होतात, पण पॅकेज लागलंच नाही तर त्या पाच लाखातला रुपया हलत नाही. मुख्यमंत्री सहायता निधीचंही तसंच, ठरलेले गंभीर आजार, त्यावर दवाखान्याचं एस्टिमेट, आणि पैसे थेट दवाखान्याच्या खात्यात. आधी खर्च करून मागून बिलं लावू म्हणाल तर ते चालत नाही.

मग नाव नसताना चालतं काय? माझ्या मते दोनच रस्ते, आणि ते आम्हाला उशिरा कळले.

पहिला, सरकारी मेडिकल कॉलेज. तुम्हाला नांदेडचं विष्णुपुरी जवळ आहे. आमच्या लोकांना घाटी म्हणजे संभाजीनगर बरं पडतं, बीड-लातूरकडच्यांना अंबाजोगाई किंवा लातूर. गर्दी आहे, ताटकळावं लागतं, बोलणंही कधी कधी खावं लागतं, सगळं खरं. पण तिथं मेडिसिन, सर्जरी, पॅथॉलॉजी एका आवारात असतं आणि तपासणीचे दर खाजगीच्या मानानं किरकोळ असतात. टीबीची सीबीनॅट तपासणी तर सरकारीत फुकटच होते. चौथा खाजगी दवाखाना धरण्याआधी हे करा, असं मी अगदी ठामपणे सांगते. आमचं कोडं तिथंच सुटलं. तिथल्या एका निवासी डॉक्टरांनी अजून एक गोष्ट केली. कागदावर 'तपासणी सुरू' न लिहिता 'तात्पुरतं निदान' असं लिहून पुढं ज्या दोन शक्यता वाटत होत्या त्या लिहिल्या, आणि कोणत्या तपासण्या बाकी आहेत त्याची यादी सही-शिक्क्यासह दिली. तो एक कागद दाखवल्यावर आरोग्यमित्र, म्हणजे दवाखान्यात फुले योजनेचं काम बघणारा माणूस, पहिल्यांदा आमच्याशी नीट बोलला. डॉक्टरांना खोटं नाव लिहायला सांगायचं नाही, ते पुढं आईच्याच अंगाशी येईल. पण जे वाटतंय ते शक्यता म्हणून लिहून द्या, एवढं हक्कानं मागता येतं.

दुसरा, धर्मादाय रुग्णालय. ट्रस्टच्या मोठ्या दवाखान्यांना 10 टक्के खाटा निर्धन रुग्णांना मोफत आणि 10 टक्के खाटा दुर्बल घटकांना निम्म्या दरात ठेवाव्या लागतात. त्याला आधार म्हणजे सार्वजनिक ट्रस्टच्या कायद्यातलं कलम 41 एए आणि 2006 सालची उच्च न्यायालयानं मंजूर केलेली योजना. वर्षाचं उत्पन्न 1 लाख 80 हजारांच्या आत असेल तर निर्धन, 3 लाख 60 हजारांच्या आत असेल तर दुर्बल. इथं आजाराचं नाव विचारत नाहीत, उत्पन्न विचारतात. निदान न झालेल्या रुग्णाला याच्याइतकं उपयोगाचं दुसरं काही मला दिसलं नाही, आणि कुणी आपणहून सांगत नाही. दवाखान्यात गेल्यावर बिलिंगच्या खिडकीवर विचारू नका, 'समाजसेवा अधिकारी कुठं बसतात' असं विचारा. खाट शिल्लक नाही म्हणाले तर तसं लिहून मागा. लिहून देत नसतील तर जिल्ह्याच्या धर्मादाय आयुक्त कार्यालयात अर्ज टाका.

कुठंही अर्ज द्याल तिथं पोच घ्या. आपल्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख, शिक्का. घेत नसतील तर रजिस्टर्ड पोस्टानं पाठवा. उत्पन्नाचा दाखला अडला असेल तर 2015 च्या लोकसेवा हक्क कायद्यात त्याला मुदत आहे, अपील करता येतं. नुसतं "अपील करतो" म्हटल्यावरही कधी कधी दाखला निघतो.

आता आवाहनाचं. छोटं लिहा. आईचं वय, तालुका, किती दिवसांपासून काय त्रास, कोणत्या दवाखान्यात, कोणत्या तपासण्या बाकी आणि त्यांना किती लागतील. त्या यादीचा फोटो सोबत लावा. आकडा तेवढाच ठेवा. 'निदान झाल्यावर पुढचा खर्च कळवू, योजनेत बसलं तर पुन्हा मागणार नाही' हे वाक्य जरूर घाला. आमच्या बाबतीत त्या एका वाक्यावर लोकांचा विश्वास बसला. दहावीच्या बॅचच्या ग्रुपवरून आणि पुण्यात कंपनीत असलेल्या गावच्या पोरांकडून सगळ्यात लवकर पैसे आले. नातेवाइकांकडून फारसे नाही, पण ते मनाला लावून घेऊ नका, त्यांचीही सोय नसते.

मेसेजवर तारीख टाका आणि कधीपर्यंत चालू आहे तेही टाका, नाहीतर तो दोन वर्षांनीही फिरत राहतो. नळ्या लावलेला आईचा फोटो टाकू नका. तिला उद्या त्याच गावात वावरायचंय. कागदांचे फोटो टाकताना आधार नंबर झाका.

खातं कुणाचं द्यायचं हा फार महत्त्वाचा प्रश्न आहे. आईचं जनधन खातं देणार असाल तर बँकेत आधी विचारा की त्याची केवायसी पूर्ण आहे का. केवायसी अपुरी असलेल्या 'छोट्या खात्या'त वर्षाला 1 लाखाच्या वर जमा होत नाही, शिल्लक 50 हजारांच्या वर जाऊ देत नाहीत आणि महिन्याला 10 हजारांच्या वर काढता येत नाहीत. पैसे आलेले दिसतात आणि दवाखान्यात भरता येत नाहीत, अशी वेळ येते. तुमचं स्वतःचं, पूर्ण केवायसीचं खातं द्या, त्यात दुसरा व्यवहार ठेवू नका, आणि दर दोन-तीन दिवसांनी जमा किती, खर्च किती हे त्याच ग्रुपवर टाका, पावतीसकट. मिलाप, केटो अशा ऑनलाइन वर्गणी गोळा करणाऱ्या साइटवर मोहीम चालवता येते, पण त्यांनाही दवाखान्याचे कागद लागतात, म्हणजे निदानानंतरच ते खरं उपयोगाचं. नातेवाईक नसलेल्यांकडून वर्षात एकूण 50 हजारांच्या वर आले तर आयकराचा प्रश्न येऊ शकतो, एखाद्या सीएला विचारून घ्या.

सावकाराबद्दल तुम्ही ओझरतं लिहिलंय, तेवढ्यानंच माझ्या पोटात गोळा आला. व्याजानं घेतले असतील तर घेतले, पण जमिनीचं खरेदीखत करून देऊ नका. "नुसतं तारण म्हणून, नंतर उलटून देतो" असं सांगतात आणि आमच्या शिवारात अशा जमिनी गेलेल्या आहेत. घरात सोनं असेल तर बँकेचं सोनेतारण त्याच्यापेक्षा शंभर पटीनं बरं. बिनपरवाना सावकारीची तक्रार जिल्हा उपनिबंधकांकडं करता येते, 2014 चा कायदा आहे.

दवाखान्याचं अजून थोडं. गावात तापासाठी सलाईन आणि सुया चालू असतील तर त्यात स्टेरॉइड होतं का ते विचारून लिहून ठेवा, त्यामुळं काही आजार झाकले जातात आणि बायोप्सीतही नीट दिसत नाहीत. गाठीचा तुकडा काढणार असतील तर आधीच विचारा की टीबीच्या कल्चरसाठी (जंतू वाढवून बघायच्या तपासणीसाठी) एक तुकडा फॉर्मालिनशिवाय, म्हणजे तुकडा टिकवायच्या औषधात न टाकता, वेगळा ठेवणार का. आमचा सगळा तुकडा फॉर्मालिनच्या डबीत गेला आणि आईला पुन्हा सुई सोसावी लागली. बायोप्सी झाली असेल तर ब्लॉक (मेणात जपलेला तुकडा) आणि स्लाइड (त्याची काचेवरची पातळ कापं) मागून घ्या, दुसरीकडं त्याच पुन्हा तपासता येतात. एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे, आईबरोबर बहीण किंवा बायको गेली तर तेवढेच वाचतात.

विष्णुपुरीला जाण्याआधी आदल्या रात्री बसून एक कोरा कागद घ्या. ताप कधी सुरू झाला, किती चढतो, कोणत्या वेळी येतो, वजन आधी किती होतं आणि आता किती, कोणत्या दवाखान्यात कोणती औषधं किती दिवस दिली, हे तारखेप्रमाणे एका पानात लिहा. त्याच्याखाली रिपोर्ट जुन्यापासून नव्यापर्यंत लावा, सीटीची फिल्म आणि सीडी वेगळ्या पिशवीत. ओपीडीत डॉक्टरांना तुमच्यासाठी फार वेळ नसतो, ते पान मात्र ते वाचतात. सकाळी केसपेपरची खिडकी उघडायच्या आधी रांगेत लागा, आईला बाहेर सावलीत बसवा आणि तिच्याजवळ कुणीतरी थांबा.