साक्षीपुरावा सुरू होण्याआधी

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

परवा तू आलास तेव्हा तुझ्या घटस्फोटाच्या दाव्यातल्या मध्यस्थीच्या तारखेचा कागद चार घड्या घालून खिशात ठेवला होतास आणि एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होतास, "काका, तडजोड केली तर तिने अर्जात लिहिलेले सगळे खरे होते असाच अर्थ निघेल." तू गेल्यावर मला रात्रभर झोप लागली नाही, कारण नेमके हेच वाक्य बत्तीस वर्षांपूर्वी मी माझ्या वकिलांना ऐकवले होते.

तसा अर्थ निघत नाही. हिंदू विवाह कायद्याच्या कलम १३-ब खाली सहमतीने घटस्फोट देताना न्यायालय कोणाचाही दोष ठरवत नाही. दोघे किमान वर्षभर वेगळे राहत आहेत, एकत्र नांदणे शक्य नाही आणि संमती दबावाखाली दिलेली नाही, एवढेच पाहते. मध्यस्थीला पाठवले म्हणजे तुझी बाजू लंगडी, असेही समजू नकोस, कारण १९८४ च्या कौटुंबिक न्यायालय कायद्याच्या कलम ९ नुसार समेटाचा प्रयत्न करणे हे न्यायाधीशांचे कर्तव्यच आहे. मध्यस्थापुढे बोललेले शब्द पुरावा म्हणून वापरता येत नाहीत. पुराव्याच्या प्रतिज्ञापत्रात लिहिलेले मात्र फाईलमध्ये कायम राहते. म्हणून सांगतो, साक्षीपुरावा सुरू होण्याआधी मिटव.

आमच्या दाव्यात माझे वडील साक्षीला उभे राहिले तेव्हा ते ७१ वर्षांचे होते. लग्नातल्या भांड्यांच्या यादीवरून उलटतपासणी चालली होती. समोरच्या वकिलांनी एक पितळी डबा त्यांच्या हाती दिला आणि त्यावर कोरलेले नाव मोठ्याने वाचायला सांगितले. वडिलांनी चष्मा कपाळावर सरकवला, डबा डोळ्यांजवळ नेला आणि माझ्या सासऱ्यांचे नाव वाचले. मग तो कोठे ठेवावा हे न कळल्याने उलटतपासणी संपेपर्यंत पोटाशी धरून ठेवला. तो डबा परत द्यायला मी समुपदेशकांसमोर तीनदा नकार दिला होता.

लोकांनी मला हट्टी ठरवले. माझे म्हणणे खरे होते असे मी आजही मानतो. माझ्या बायकोच्या अर्जातला मजकूर वाचून कोणीही पेटला असता. पण ते खरेपण शाबीत करण्यात माझी सहा वर्षे गेली, आणि निकाल लागला तो दिवस पाहायला वडील राहिले नव्हते. तुला हे कळत कसे नाही? साक्षीपुरावा सुरू होण्याआधी मिटव.

अर्थात, भाबडेपणाने सही करू नकोस. पगार, कर्ज, मुदतठेवी, फ्लॅटचे हप्ते सगळे उघड मांड आणि तिच्याकडूनही तसेच माग. पोटगीच्या प्रकरणांत दोन्ही बाजूंनी मालमत्ता व देण्यांचे प्रतिज्ञापत्र द्यावे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये रजनेश विरुद्ध नेहा या निकालात सांगितलेच आहे. फौजदारी तक्रार मागे घेण्याचे तोंडी आश्वासन पुरेसे मानू नकोस. विवाहितेच्या छळाचा गुन्हा (पूर्वीचे कलम ४९८-अ, जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचे कलम ८५) आपसांत मिटवता येत नाही, तो रद्द करून घ्यायला उच्च न्यायालयात जावे लागते, तेव्हा रकमेचा कोणता हप्ता कोणत्या टप्प्यावर द्यायचा हे तडजोडीच्या अटींतच लिही. हुकूमनामा, म्हणजे घटस्फोटाचा अंतिम आदेश, होईपर्यंत कोणीही संमती मागे घेऊ शकतो, म्हणून सगळी रक्कम पहिल्याच दिवशी देऊ नकोस. सहमतीचा अर्ज दिल्यानंतरच्या सहा महिन्यांच्या थांब्याची धास्ती घेऊ नकोस. दीड वर्षाहून अधिक काळ वेगळे राहिला असाल आणि पोटगी, ताबा हे सारे खरोखर मिटले असेल, तर सर्वोच्च न्यायालयाच्या २०१७ च्या निकालानुसार न्यायालय तो माफ करू शकते.

मुलीच्या भेटीचा परिच्छेद मात्र वकिलांवर सोडू नकोस. त्यात "परस्पर सोयीनुसार" असे लिहिले असेल तर खोड. शनिवारी किती वाजता, कोणी आणायचे, गणपतीत ती कोणाकडे, दिवाळीच्या सुट्टीचे कोणते दिवस कोणाचे, आजारी असेल तर फोन कोणी करायचा, हे तारीखवार लिहून काढ. बुधवारी संध्याकाळी तो कागद घेऊन ये, मी घरीच आहे.

तुझा,
काका