प्रश्नोत्तरे: बीजकोश, पाळी आणि नव्या रक्तवाहिन्या

प्रश्न : सोनोग्राफीत 'हेमरेजिक कॉर्पस ल्युटियम सिस्ट, ३.२ सेंमी, कडेने भरपूर रक्तपुरवठा' असं आलंय. वय २७. ऑपरेशन लागेल का?

बहुतेक नाही. बीज बाहेर पडेपर्यंत फॉलिकलच्या (बीज वाढवणाऱ्या पिशवीच्या) आतल्या पेशींच्या थरात एकही रक्तवाहिनी नसते. असतात त्या या थराभोवतीच्या पडद्याबाहेर. एलएच संप्रेरक एकदम वाढलं की पडदा विरतो, आतल्या पेशी व्हीईजीएफ हे प्रथिन सोडतात आणि त्याच्या मागावर केशवाहिन्या आत घुसतात. काही दिवसांत तिथे जो पिवळा गोळा (कॉर्पस ल्युटियम) तयार होतो, त्याच्याइतका रक्तपुरवठा शरीरात फार थोड्या ठिकाणी असतो. प्रोजेस्टेरॉन (गर्भासाठी अस्तर तयार करणारं संप्रेरक) बनवायचं तर तो हवाच. या नव्या, नाजूक वाहिन्यांतून आतल्या पोकळीत रक्त झिरपलं की 'हेमरेजिक'. शब्द भीतीदायक, पण घडतंय ते नेहमीचंच.

५ सेंमीपेक्षा लहान आणि अशीच स्पष्ट दिसणारी गाठ असेल तर पुन्हा सोनोग्राफीही सहसा लागत नाही. केलीच तर ६ ते ८ आठवड्यांनी, पाळी संपल्या संपल्या करा. उशीर केलात तर त्या महिन्याची नवी गाठ दिसेल. मात्र पाळी चुकली असेल तर आधी प्रेग्नन्सी टेस्ट करा, कारण गर्भनलिकेतल्या (गर्भाशयाबाहेरच्या) गर्भाभोवतीही डॉपलरवर, म्हणजे रक्तप्रवाह दाखवणाऱ्या सोनोग्राफीत, असंच रंगीत कडं दिसतं. पोटात अचानक कळ आली आणि चक्कर आली, तर थेट हॉस्पिटल गाठा. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर ते डॉक्टरांना आधीच सांगा.

प्रश्न : 'अंतरा' हे गर्भनिरोधक इंजेक्शन घेतल्यापासून थोडं थोडं अंगावरून जातंय. पिशवी साफ करून घेऊ का?

साफ करायला आत फारसं अस्तर उरलेलंच नसतं! १५० मिलिग्रॅमच्या या प्रोजेस्टिनने (प्रोजेस्टेरॉनसारख्या औषधाने) अस्तर पातळ होतं, पण पृष्ठभागाजवळच्या वाहिन्या फुगीर आणि पातळ भिंतीच्या होतात, आधाराविना सहज फुटतात. पुढच्या डोसांबरोबर हे बहुधा कमी होतं. डॉक्टरांना विचारून ५ ते ७ दिवस मेफेनॅमिक ॲसिडसारखी गोळी घेता येते. हिमोग्लोबिन तपासा, पुढचा डोस चुकवू नका.

प्रश्न : आयव्हीएफमध्ये (टेस्ट ट्यूब बेबीच्या उपचारात) एचसीजीचं ट्रिगर, म्हणजे बीजं पक्व करणारं, इंजेक्शन घेतल्यावर पोट फुगलंय.

एचसीजी एलएचसारखंच काम करतं. पण एलएच लवकर ओसरतं, एचसीजी मात्र कित्येक दिवस रक्तात राहतं. वीसेक फॉलिकल एकदम व्हीईजीएफ सोडू लागले की वाहिन्या गळक्या होतात आणि पाणी पोटात साठतं. रोज सकाळी वजन करा. एका दिवसात किलोभर वाढलं, लघवी कमी झाली किंवा धाप लागली, तर त्याच दिवशी सेंटरला जा. पोट फुगलंय म्हणून पाणी पिणं तोडू नका. रक्त आधीच घट्ट झालेलं असतं, गुठळी होऊ शकते. पुढच्या वेळी एचसीजीऐवजी ॲगोनिस्ट ट्रिगर (शरीराचं स्वतःचं एलएच वाढवणारं इंजेक्शन) देऊन भ्रूण गोठवता येतील का, हे आधीच विचारून ठेवा.